पाण्यापर्यंतचं गाणं

रियाध,
८ नोव्हेंबर २०२४

आत्या,

पंकजला फोन केला की तो तुझ्या हातात देतो आणि तू मी काहीही विचारलं तरी "हो हो, जेवले" म्हणून परत करतेस. मागच्या खेपेला मी विचारलं, पंकजची नवरी कशी आहे, तर म्हणालीस, "हो हो, जेवले." म्हणून आता कागदावर लिहिते आहे. याचा फोटो पंकजला पाठवीन, तो तुला मोठा करून दाखवेल. तूही अशीच वहीच्या पानावर लिही. आश्रमशाळेत तीस वर्षं भाकऱ्या भाजता भाजता फळ्यावरची अक्षरं उचललीस, ती आता माझ्या कामी येऊ देत.

माझं बरं चाललं आहे. बारा तासांची ड्युटी, मग बस, मग खोली. खोलीतल्या दोघी केरळच्या. त्या आपापसात मल्याळम बोलतात, पेशंटशी मी मोडकं अरबी बोलते, डॉक्टरांशी इंग्रजी, बसच्या ड्रायव्हरशी हिंदी. मराठी बोलायला एक अनुराधा मॅडम आहेत. त्यांच्या सासूबाई आमच्या वॉर्डात होत्या तेव्हाची ओळख. त्यांचे मिस्टर जगदीश सर इथं बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत.

आणि आपली बोली? इथं आल्यापासून कुणाशीच नव्हती. मग गेल्या महिन्यात एक जण हात भाजून आला. अल खर्जला दुधाच्या डेअरीत मशीनवर काम करतो. मी पट्टी बांधायला लागले तर कळवळून त्याने आपल्या बोलीत आईला हाक मारली. माझ्या हातातली कात्री खाली पडली, आत्या. भिकू नाव त्याचं, तलासरीकडचा वारली. आम्ही दोघं त्या ड्रेसिंग रूममध्ये खुळ्यासारखे हसत बसलो होतो.

तेव्हापासून एकच डोक्यात आहे. आपल्या पाच पाड्यांत लग्नाचा सबंध धवल गाता येणारी धवलेरी तू एकटी उरली आहेस. तू सत्तरीला आलीस. पंकजला सांगितलं आहे, तुझ्यासमोर फोन ठेवून रोज थोडं थोडं रेकॉर्ड कर. तू नाही म्हणू नकोस. एप्रिलात त्याच्या लग्नाला मी महिनाभराची रजा मागितली आहे. आई-बाबा गेल्यावर तू आम्हा दोघा भावंडांना वाढवलंस, त्याच्या मांडवात धवल तूच गायचा आणि तुझ्या मागे मी बसणार, लहानपणी बसायची तशी.

तुझी,
दर्शना


आंबेपाडा,
२४ नोव्हेंबर २०२४

दर्शना, पोरी,

कागद मिळाला. पंकजने दोन बोटांनी अक्षरं फुगवून दाखवली. तो फोटो काढताना सगळं वाचतो, म्हणून आधी त्याच्यासाठी लिहिते. पंकज, कोंबड्यांना खुराड्यात घाल.

फोनवर मी नीट बोलत नाही म्हणतेस. तुझ्या फोनला खरखर आहे. सौदीत फोन नीट नसतील तर त्याला मी काय करू.

आता तुझ्या त्या रेकॉर्डचं. मी फोनसमोर बसून गायचं म्हणतेस. लग्न कुणाचं? फोनचं? देवांना नावानिशी हाका मारायच्या, ते डोंगरांवरून, नदीच्या डोहातून उठून यायचे, आणि येऊन बघतात तर मांडव नाही, नवरी नाही, पंकजचा फोन. तुला कुणी जेवायला बोलावून रिकाम्या घरात बसवलं तर तू काय म्हणशील? मी गाणार नाही. माझ्या गुरुणीने मला असंच शिकवलं आणि मी तिचं मोडणार नाही.

तू विसरली असशील म्हणून परत सांगते. आधी हाका. मग बसायला देणं. मग पाणी. मग जेवण. मग लग्न. मग शेवटी एकेका देवाला त्याच्या वाटेने घरी पोचवणं. चार तास लागतात, लागू देत. एकदा धवल उचलला की मध्ये ठेवायचा नाही. गाणारीला ठसका लागला, चक्कर आली, मेली तरी मागे बसलेलीने त्याच ओळीवरून पुढे न्यायचा. म्हणून तर मागे एक बसवतात. तू सात वर्षं माझ्या मागे बसलीस, झोपेत डुलक्या खायचीस आणि तरी ओळ चुकवायची नाहीस. नंतर नर्सिंगला गेलीस, चांगलं केलंस. मी अडवलं नाही.

परीक्षा घेते. पाणी दिल्यानंतर जेवणाला पहिल्यांदा कुणाला वाढायचं, ते पुढच्या कागदात लिही. नाव पुरे, गाणं नको.

माझी काळजी करू नकोस. होळीनंतरच्या आठ लग्नांची बोलावणी आत्ताच येऊन पडली आहेत. मलाच सगळीकडे पुरायचं कसं हा प्रश्न आहे. नवरी चांगली आहे, बारावी झाली आहे, मान खाली घालून फोन बघते.

ठकूबाई


रियाध,
२० जानेवारी २०२५

आत्या,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इथं थंडी पडली आहे, वॉर्ड खोकल्याच्या पेशंटनी भरला आहे. तुला सौदीत थंडी म्हटलं की हसू येईल, पण मी दोन स्वेटर घालते.

एक गंमत सांगते. अनुराधा मॅडमच्या अनुष्काचं लग्न पुण्याला आहे, पण इथल्या मित्रमंडळींसाठी त्यांनी शुक्रवारी कंपाउंडच्या हॉलमध्ये मेंदीचा समारंभ केला. त्याची थीम होती वारली. म्हणजे ताटांवर वारली, पिशव्यांवर वारली, नवरीच्या ओढणीवर वारली. मागे लावायला महिनाभर आधीच छापील फ्लेक्स आणून ठेवला होता. त्यावरच्या माणसांना नाक होतं, आत्या. दोन डोळे आणि हसरं तोंडही होतं.

मी मॅडमना म्हटलं, हे आमचं नाही. त्या म्हणाल्या, "आमचं म्हणजे?" मी सांगितलं. तीन वर्षांची ओळख, पण हे कधी निघालं नव्हतं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "तू खरीखुरी वारली आहेस आणि इतके दिवस बोलली नाहीस?" असं आनंदाने म्हणाल्या, जणू त्यांना अंगठी सापडली.

मग चार सुट्ट्या घालवून मी मातकट रंगाच्या कापडावर पांढऱ्या रंगाने काढून दिलं. काळजी नको, भिंतीवरचा लग्नाचा चौक काढला नाही. लग्न न झालेल्या पोरीने चौक काढायचा नसतो, एवढं मला कळतं. देवीही काढली नाही. झाडं, कोंबड्या, तारपेवाला आणि त्याच्याभोवती नाचणारी माणसं, एवढंच. भिकू अल खर्जहून शिडी धरायला आला होता. फ्लेक्स त्यांनी काढून टाकला. सगळ्यांनी कापडापुढे उभं राहून फोटो काढले.

बाकी सांगण्यासारखं काही नाही. रजेचा अर्ज वर गेला आहे. जेवणाला पहिला कोण ते पुढच्या वेळी लिहिते, आत्ता बस येईल.

दर्शना


आंबेपाडा,
९ फेब्रुवारी २०२५

दर्शना,

कोंबड्या काढल्यास ते ठीक केलंस. देवी नाही काढलीस ते त्याहून ठीक. तुझ्या मॅडमना सांग, आम्ही माणसाला नाक काढत नाही कारण नाक बघून माणूस ओळखायचा नसतो. हे मी आत्ताच ठरवलं, पण सांग.

आता दुसरं. परवा खालच्या पाड्यावर पाणी आणायला गेले तर सरपंचाची सून धावत आली आणि तिने फोन माझ्या नाकाला लावला. त्यात तू. हिरवी साडी, खुर्चीवर बसलेली, मागे तुझ्या कोंबड्या. तुझं तोंड हलत होतं. ती सून माझ्याकडे बघून हसत होती, मी पण हसले. घरी येऊन पंकजला विचारलं, ही काय करते आहे? तो म्हणाला, भाषण करते आहे.

भाषण करणारा माणूस डोळे मिटत नाही.

मी पंकजकडून परत बघितलं. चार वेळा बघितलं. तो कोरं तोंड करून उभा. पोरी, मी तुझ्याकडे सात वर्षं पाठ करून गायले, पण तुला शिकवताना समोर बसवूनच शिकवलं होतं. कुठल्या ओळीला ओठ कसे होतात ते मला माहीत आहे. ते भाषण नव्हतं. आणि शेवटी एक बाई फुलं घेऊन येते, तू उठतेस आणि तुझं तोंड मिटतं.

तुझ्या मागे मला कुणी बसलेलं दिसलं नाही. खुर्च्यांवर माणसं होती, ती टाळ्या वाजवत होती.

काय गायलीस, कुठवर गायलीस, ते लिही. जेवणाला पहिला कोण ते पण लिही. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारणार नाही.

ठकूबाई


रियाध,
२१ फेब्रुवारी २०२५

आत्या,

खोटं लिहिलं नव्हतं, पण खरंही लिहिलं नव्हतं. आता सगळं लिहिते.

मेंदीच्या आदल्या दिवशी मी कापड लावत होते आणि काम करता करता गुणगुणत होते. अनुराधा मॅडमनी ऐकलं. म्हणाल्या, हे काय आहे, किती गोड आहे, उद्या हे म्हण. मी नाही म्हटलं. खरंच म्हटलं. हे मेंदीत नसतं, मांडवात असतं, चार तासांचं असतं, मध्ये सोडता येत नाही. त्या म्हणाल्या, "अगं, पाच मिनिटं. लग्नच आहे ना आमच्याकडे? थोडं आगेमागे."

मला काय वाटलं ते तुला सांगू का? मला वाटलं, या दोनशे माणसांनी ताटावर, पिशवीवर, ओढणीवर आपल्याला छापून घेतलं आहे. एकदा तरी आपला आवाज ऐकू देत. शाळेत असताना बोलीत बोललं की छडी मिळायची. नर्सिंगच्या हॉस्टेलात मी तीन वर्षं कुणाला कळू दिलं नाही. आणि इथं माईकसमोर, सिल्कची साडी नेसून मला बोलावत होते. मी हुरळले. मॅडमनी नुसता आग्रह केला, होकार माझा होता.

म्हटलं, सबंध गाईन. चार तास बसू देत त्यांना. डोळे मिटले आणि हाका मारायला लागले. आत्या, आवाज लागला. इतक्या वर्षांनी लागला. एकेक डोंगर डोळ्यांसमोर आला, एकेकाला नावाने बोलावलं, बसायला दिलं, पाणी दिलं. पाण्याची शेवटची ओळ संपली आणि मी श्वास घेतला, तेवढ्यात टाळ्या वाजल्या. श्वास घेतला म्हणजे संपलं असं त्यांना वाटलं. मॅडम फुलं घेऊन आल्या, माईकवर म्हणाल्या, "अगदी ऑथेंटिक." मग म्हणाल्या, जेवण तयार आहे, सगळ्यांनी यावं. मी म्हटलं, अजून आहे. त्या कानाशी म्हणाल्या, "पुरे गं, केटररला दहाला हॉल सोडायचा आहे."

मला पुढे गाता आलं असतं. कुणी तोंड दाबलं नव्हतं. पण सगळे उठले होते आणि मी लाजले. मी फुलं घेतली.

भिकू पहिल्या रांगेच्या टोकाला उभा राहून रडत होता. फोनवर त्यानेच घेतलं आणि त्याच्या गावच्या ग्रुपवर टाकलं. वाईट मनाने नाही टाकलं. म्हणाला, ताई, आईने ऐकावं म्हणून टाकलं.

एप्रिलात येते. तुझ्यासमोर बसते. जी शिक्षा करायची ती कर.

दर्शना


आंबेपाडा,
१६ मार्च २०२५

दर्शना,

तुझा कागद पंकजने दाखवला नाही. तीन आठवडे लपवला. परवा होळीला थोडी घेतली तेव्हा रडत आला आणि दाखवला. म्हणून मलाही आता झाकून ठेवायचं काही कारण उरलं नाही.

तुझ्या फोनला खरखर नाही. माझे कान गेले आहेत. तीन वर्षं झाली. आधी उजवा, मग डावा. तू विचारतेस ते मला ऐकू येत नाही आणि बायका फोनवर पहिल्यांदा जेवलीस का असंच विचारतात, म्हणून मी जेवले सांगते. तू नर्स आहेस, तुला कळायला हवं होतं. तुला कळलं नाही याचं मला बरंच वाटलं होतं.

आठ लग्नांची बोलावणी आली हे पण खरं नव्हतं. बोलावणी आली, ती जेवायची. मागच्या वर्षापासून गायला कुणी बोलावलं नाही. बहिरी म्हातारी सूर सोडते म्हणतात. सोडत असेन, मला कसं कळणार. तरी मनात होतं, सबंध गाणारी दुसरी नाही, झक मारत बोलावतील.

आता ऐक, दुसरी मिळाली. तू. गेल्या महिनाभरात आपल्या बाजूला तीन लग्नं झाली आणि तिन्ही मांडवांत तुझं गाणं स्पीकरवर लावलं. अकरा मिनिटं. देव येतात, बसतात, पाणी पितात, टाळ्या वाजतात, मग नाचाची गाणी लागतात. शेवटच्या टाळ्या पण लावतात, ती तुझ्या मॅडमची माणसं. लोक म्हणतात, नर्सबाई शिकलेली आहे, परदेशात म्हणते म्हणजे असंच असणार. म्हातारी उगाच चार तास लांबवायची.

मी सरपंचाच्या सुनेला म्हटलं, बाई, हे अर्धं आहे. पुढे जेवण आहे, पुढे लग्न आहे, पुढे पोचवणं आहे. देव बोलावलेत, ते जातील कसे? ती माझ्या कानाशी ओरडली, तेवढं मात्र मला नीट ऐकू आलं: "आज्जी, सगळ्यांना अर्धंच आवडतं."

तू वाईट गात नाहीस. वाईट गायली असतीस तर कुणी लावलं नसतं.

शिक्षा वगैरे मला माहीत नाही. मला गाणं पुरं झालेलं हवं आहे. पंकजच्या लग्नाला ये. एप्रिलच्या वीस तारखेला मांडवात सगळ्यांच्या समोर बस, पाण्यापासून पुढे उचल. मी समोर बसून तुझे ओठ बघीन, चुकलीस तर गुडघ्यावर हात मारीन. सगळ्यांनी एकदा बघू दे की पाण्यानंतर काय असतं. त्यानंतर त्यांना काय लावायचं ते लावू देत.

ठकूबाई


रियाध,
११ एप्रिल २०२५

आत्या,

रजा रद्द झाली. हॉस्पिटलची मोठी तपासणी आहे, परदेशातून माणसं येणार आहेत, वॉर्डातल्या कुणालाच सोडत नाहीत. बाहेर जायचा परवाना हॉस्पिटलने काढल्याशिवाय मला विमानात बसता येत नाही. आमच्या ऑफिसातला जाफर भला माणूस आहे, त्याने माझ्यासमोर दोनदा फोन लावून पाहिला. म्हणाला, "सिस्टर, खलास. हजनंतर बघू." अनुराधा मॅडमना मेसेज केला, जगदीश सर कुणाशी बोलतील का म्हणून. त्या पुण्याला लग्नाच्या गडबडीत आहेत. त्यांनी अंगठा पाठवला.

मी व्हिडिओ काढून टाकायला भिकूला सांगितलं. त्याने त्याचा काढला. तो आता किती फोनांत आहे ते त्यालाही माहीत नाही. परवा माझ्या खोलीतल्या केरळच्या मुलीने मला दाखवला, तिला कुणीतरी पाठवला होता. म्हणाली, ही तुझ्यासारखी दिसते.

तिसऱ्यांदा विचारणार नाही म्हणालीस. मीच सांगते. जेवणाला पहिल्यांदा कुणाला वाढायचं ते मला आठवत नाही.

नोव्हेंबरात तू विचारलंस तेव्हा अंधूक होतं, वाटलं बसून आठवीन. त्या दिवशी हॉलमध्ये मला वाटतं मी म्हटलं असतं, ओठांवर आलं असतं. पण तेव्हापासून तो व्हिडिओ मी इतक्या वेळा पाहिला आहे, की आता म्हणायला बसले तर पाण्याच्या शेवटच्या ओळीनंतर माझ्या डोक्यात टाळ्या वाजतात. पुढे काहीच येत नाही. ड्युटीवर, बसमध्ये, अंघोळ करताना, किती वेळा करून पाहिलं. टाळ्याच येतात.

तू लिहून पाठव. मला माहीत आहे धवल लिहीत नाहीत. तरी लिही. पाण्यापासून पुढचं सगळं. मी तुझ्या पाया पडते.

दर्शना


आंबेपाडा,
२५ मे २०२५

दर्शना,

हा कागद फोटोतून येणार नाही. तुझा भिकू सुट्टीवर आला होता, शोधत शोधत घरी आला, पाया पडला आणि पडूनच राहिला. त्याला उठवून भाकरी वाढली. भला आहे. त्याच्याजवळ कागद देते आहे, पाकीट खळीने चिकटवून. पंकजने वाचू नये.

लग्न झालं. पंकजने मला विचारलं होतं, आत्या, तू गाशील का? विचारताना जमिनीकडे बघत होता. नवरीकडच्यांनी डीजे ठरवला होता आणि त्यांना तुझं गाणं हवं होतं. नवऱ्याच्या बहिणीचंच गाणं, केवढा मान. मी म्हटलं, लावा.

मग मी म्हटलं, एक काम कर. मी स्पीकरच्या मागे बसते. गाणारीच्या मागे एक बसवतात ना, तशी. तुझ्या बहिणीचं संपलं की हात वर कर, मी तिथून पुढे नेते. सात वर्षं ती माझ्या मागे बसली, एक दिवस मी तिच्या मागे बसते. पंकज हो म्हणाला. त्याने खरंच मनापासून म्हटलं, मी त्याचे डोळे बघितले.

दुपारी मांडवात बसले. स्पीकर एवढा मोठा होता की आवाज कानात नाही तरी छातीत लागत होता. तू माझ्या छातीत गात होतीस. कुठली ओळ आहे ते कळत नव्हतं, पण तू आहेस हे कळत होतं. मग पंकजने हात वर केला. मी डोळे मिटले आणि जेवणावरून उचललं. छातीत अजून धडधड होत होती, मला वाटलं माझंच काळीज.

सगळ्यांना वाढलं. लग्न लावलं. मग एकेकाला वाटेला लावलं, डोंगराचा तो डोंगराकडे, डोहाचा तो डोहाकडे. डोळे उघडले तेव्हा उन्हं कलली होती आणि समोर सगळा मांडव नाचत होता. पंकजचा हात खाली झाला आणि त्याच क्षणी डीजेवाल्याने पुढचं लावलं होतं. मी सगळा वेळ त्याखाली गात होते. कुणी ऐकलं नाही. मी पण ऐकलं नाही.

पंकज नंतर येऊन म्हणाला, आत्या, मी त्याला थांब म्हणून खूण केली होती, पण नवरीचे मामा नाचायला उठले, मग कसं थांबवणार. त्याचंही खरं आहे. तुझे लोक जेवायला उठले, त्याचे नाचायला उठले. मी त्याला आशीर्वाद दिला.

आता तू लिहून मागतेस. मी लिहायला बसले नाही असं खोटं सांगणार नाही. गुरुणीची माफी मागून बसले. पण धवल मला बोलून येत नाही, गाऊनच येतो. ओळ गायली की पुढची तिच्या मागून निघते. गायले तर ऐकू येत नाही, लिहायला पेन टेकवलं की कुठवर आले होते ते हरवतं. चार दिवस केलं. कधी एक देव दोनदा जेवला, कधी एक उपाशी राहिला. मग माझ्या मनात आलं, मांडवात तरी मी सगळं गायले होते का? की मधलं गाळलं? सांगायला मागे कुणी नव्हतं. तेव्हापासून मी गाऊन बघत नाही. भीती वाटते.

जेवणाला पहिल्यांदा कुणाला वाढायचं ते मला माहीत आहे. निदान आज माहीत आहे. पण ते मी लिहीत नाही. एक नाव घेऊन तू काय करशील? समोर येऊन बसलीस तर तुझे ओठ बघून मी अजून शिकवीन, जेवढं माझ्यात असेल तेवढं. हजनंतर म्हणाला ना तुझा जाफर? बघ. मी वाट बघते असं लिहीत नाही, तू मग घाई करशील आणि नोकरी घालवशील.

तुझ्यावर राग आहे. तो राहू दे. तू लाजलीस, तो एक क्षण मला जिवात सलतो. आपण बोलीला लाजलो, देवाला लाजलो, आणि मान दिला तरी लाजलो.

आता शेवटचं. इथल्या देवांना मी माझ्या परीने घरी लावलं आहे. पण त्या दिवशी तू रियाधच्या हॉलमध्ये नावं घेऊन बोलावलेस, ते आले असणार, कारण तू हाक चांगली मारतेस. ते पाणी पिऊन बसले आहेत. इथं परतायची वाट त्यांना ठाऊक नाही आणि ती दाखवायचं गाणं तुला येत नाही. त्यांना असं टाकू नकोस. रोज ड्युटीवरून आलीस की एकदा विचारत जा, जेवलात का म्हणून. आपल्या बोलीत विचार. त्यांना दुसरी येत नाही.

तुझी आत्या,
ठकूबाई